खाजणातली चिमणी, उधाण आणि उथळ पाट

सॉल्टमार्श स्पॅरो ही चिमणी घरटी करते ती फक्त अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मेन ते व्हर्जिनिया या पट्ट्यातल्या खाजणांत, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं अशा गवताळ दलदलीत. घरटं गवतात, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पहिल्या अंड्यापासून पिल्लं घरटं सोडेपर्यंत साधारण २३-२४ दिवस जातात. उधाण अमावास्या-पौर्णिमा दोन्हीला येतं, पण त्यातलं एक जास्त चढतं आणि तसं उधाण पुन्हा यायला सुमारे चार आठवडे लागतात. म्हणजे हाताशी चार-पाच दिवसच जास्तीचे. अंडी थोडा वेळ भिजली तरी तगतात. कोवळी पिल्लं बुडतात.

समुद्र चढतोय हे खरंच. पण बरीच खाजणं आधीपासून जखमी आहेत. १९३०च्या दशकात डास मारायला सरळ चर खणले, माती काठावर टाकली. त्या वरंब्यांमागे भरतीचं पाणी अडतं, मुळं कुजतात, जमीन खचते आणि मग आणखी पाणी साचतं.

यावर उपाय उथळ पाटाचा: साचलेल्या डबक्यापासून जवळच्या खाडीपर्यंत १५ ते ३० सेंमी खोल. त्याहून खोल गेलात तर आतल्या कुजकट थरात हवा शिरते, तो सडतो आणि जमीन आणखी बसते. निघालेली ढेकळं पाटाकाठी रांगेत टाकू नयेत, नवा वरंबा तयार होतो. ती पातळ पसरावीत, किंवा त्यांचे बुटके उंचवटे करावेत; घरट्यांना तेवढीच उंची मिळते. मे ते ऑगस्ट, विणीच्या हंगामात, यंत्र आत नेऊ नये. आणि खणण्याआधी ओहोटीला खाडी खरंच रिकामी होते का, ते पाहावं. रस्त्याखालची मोरी अरुंद असेल तर आधी ती रुंद करायला हवी. पाट गाळाने, शेवाळाने बुजतात. दरवर्षी फेरी मारावीच लागते.

जुने खोल चर मात्र भरायचे. विणीचा हंगाम संपल्यावर काठचं गवत कापून चरात गुंडाळून टाकायचं, वर सुतळी ताणून तळात खुंट्या ठोकायच्या. नुसतं टाकलेलं गवत पुढच्या उधाणात वाहून जातं. बांधलेल्या गवतात भरतीचा गाळ अडकतो. दरवर्षी नवा थर दिला की तळ हळूहळू वर येतो. सगळे चर एकदम बुजवू नयेत. पाणी वाहून जायला एखादा मुख्य चर ठेवावाच लागतो.

पंपाने गाळ पसरून उंची वाढवण्याचा उपायही आहे, पण खर्चिक. निचरा सुधारण्याआधी तो केला तर त्या नव्या गाळावरही पाणी साचतं.