उदगीरहून हैदराबाद, पुन्हा एकदा: लेकरं मोठी झाल्यावरचं वंडरला आणि रामोजी

उदगीरकरांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. त्यामुळे आमच्याकडे सुट्टी म्हटलं की वंडरला (राइड्स आणि पाण्याच्या खेळांचं पार्क) आणि रामोजी फिल्म सिटी ठरलेलीच. जाऊबाई दरवेळी विचारतात, "तेच ते बघून कंटाळा येत नाही का गं?" नाही येत. सगळं बघायचं सोडून दिलंय, म्हणून नाही येत. थोरली आता अकरावीत आहे, धाकटा सातवीत, आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) गुडघे कुरकुरतात आणि ह्यांची मान धरते. पाचही जणांना एका दोरीत बांधून फिरवलं तर दुपारपर्यंत कुणीतरी रुसणारच.

आधी वेळेचं सांगते, कारण निम्मं सुख त्यातच आहे. दिवाळी झाली की लगेचच्या आठवड्यात जा, तेही शनिवार-रविवार सोडून. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, पण तेलंगणातली मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्माच्या (तिकडच्या फुलांच्या सणाच्या) दिवसांत असते. दिवाळीनंतर तिकडची मुलं शाळेत आणि आपली रांगेत पुढे. संक्रांतीलाही तिकडे गर्दी उसळते. मे महिन्यात वंडरलाच्या पाण्यात बरं वाटेल, पण रामोजीच्या उन्हात आईंना नेण्याची हिंमत मला होत नाही.

आम्ही पहाटे निघालो. बिदर, जहीराबाद, संगारेड्डी करत मुत्तंगीला आउटर रिंग रोड धरला की हैदराबादची गर्दी डावीकडेच राहते. वंडरला रावीर्यालला, रिंग रोडलगत. रामोजी विजयवाड्याच्या रस्त्यावर, हयातनगरच्या पुढे. म्हणजे दोन्ही शहराच्या एकाच अंगाला आहेत. चारमिनारजवळ खोली घेऊन रोज ट्रॅफिकमध्ये बसण्यापेक्षा एल. बी. नगरच्या बाजूला उतरा. रेल्वेने येणाऱ्यांनाही तेच सोयीचं, मेट्रोची लाल लाइन एल. बी. नगरलाच संपते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र गाडीतच संपवा, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही घरातल्या घरात दोन टोळ्या केल्या. लेकरांना घेऊन मी वंडरलाला, आणि आईंना घेऊन हे सालारजंग म्युझियमला. आईंना वंडरलात दिवसभर बाकड्यावर बसवून "मजा येते ना?" विचारण्यात काही अर्थ नव्हता, शिवाय दोन तिकिटं वाचली. सालारजंगला शुक्रवारी सुट्टी असते, तेवढा वार टाळा. तिथल्या प्रसिद्ध घड्याळात दर तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोल देतो. बाराला सर्वात जास्त ठोके, म्हणून तेव्हा गर्दीही सर्वात जास्त. आईंना पुढे बसायला जागा मिळाली आणि रात्री जेवताना ते घड्याळ आम्हाला अथपासून इतिपर्यंत ऐकावं लागलं.

हैदराबादचं वंडरला २०१६ साली सुरू झालं. तिथे वयापेक्षा उंचीचा मान मोठा. लहान मुलांचं तिकीट १४० सेंटिमीटरपर्यंत, आणि मोठ्या थरारक राइड्सची दारंही साधारण त्याच रेघेला उघडतात. धाकट्याने यंदा ती रेघ ओलांडली. पूर्ण तिकीट लागणार म्हटल्यावर ह्यांनी तोंड वाकडं केलं, पोरगा मात्र निवडणूक जिंकल्यासारखा फिरत होता. लेकरू त्या रेघेच्या आसपास असेल तर घरीच भिंतीला उभं करून मोजा. गेटवर रडारड नको.

आत गेल्यावर त्याने थेट रिकॉइल गाठलं. हा कोस्टर आधी समोर पळवतो आणि मग त्याच रुळांवरून उलटा नेतो. पूर्वी मी लेकरांना म्हणायचे, एकदा झालं ना, आता दुसरं बघा. आता म्हणत नाही. त्याला दिवसभर तेच करायचं असेल तर करू दे, बाकीचं त्याचं बघून झालंय. मीही बसले त्याच्यासोबत. चाळिशी उलटली तरी मला हे आवडतं, आणि थोरलीला माझ्या किंकाळीची लाज वाटते.

थोरलीला आमच्यासोबत फिरायचं नव्हतं. तिला एकटीला सोडलं, फक्त भेटण्याची जागा आणि वेळ पक्की केली. पाण्याच्या भागात फोन लॉकरमध्ये जातो, म्हणून "फोन कर मग" हा करार तिथे फोल. पाण्यात चालणारं साधं घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर हवं. आणि पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. घरून न्या, तिथे घ्यायला गेलात तर खिसा हलका होतो.

मधला दिवस मोकळा ठेवा. ज्याला झोपायचंय त्याने झोपावं.

रामोजीला मात्र सगळे एकत्र. १९९६ पासूनची ही फिल्म सिटी, जगातलं सर्वात मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये नोंदलेली. पण आमच्या दृष्टीने तिचा मोठेपणा बसमध्ये आहे. गाडी बाहेर लावायची आणि त्यांच्या बसने आत जायचं. सेट्स बघणं बरंचसं बसमध्ये बसूनच होतं, म्हणून गुडघेवाल्यांना झेपतं. बस सकाळीच करा, ऊन चढायच्या आत. लेकरं लहान होती तेव्हा आमचा अख्खा दिवस फंडुस्तानात, म्हणजे तिथल्या लहान मुलांच्या खेळांच्या भागात, जायचा. यंदा त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. (मी पाहिलं, पण बोलले नाही.) थोरलीला बाहुबलीच्या सेटवर फोटो हवे होते, ह्यांना स्टंट शो, आईंना पक्ष्यांची बाग. शोच्या वेळा गेटवरच टिपून घ्या आणि प्रत्येकाने एकच गोष्ट निवडा. बाकीचं जमलं तर जमलं. थोरलीने हे वेळापत्रक केलं, आणि स्वतःच केल्यामुळे तिची कुरकुर आपोआप बंद. आईंसाठी पक्ष्यांच्या बागेत आम्ही भरपूर वेळ बसलो. धाकटा आधी पाय आपटत होता, नंतर आईंना पक्ष्यांच्या पाट्या वाचून दाखवू लागला.

संध्याकाळी रामोजीतून निघून थेट उदगीरचा रस्ता धरू नका. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाने रात्री स्टीअरिंग धरावं हे मला पटत नाही. आम्ही आणखी एक मुक्काम केला आणि सकाळी निवांत निघून बिदरला गुरुद्वारा नानक झिरा साहिबला थांबलो. झऱ्याचं पाणी, लंगरचं जेवण, आणि डोकं झाकायला प्रत्येकाचा रुमाल. तो पिशवीत वरच ठेवा, डिकीत सगळ्यात खाली गेला की सगळं सामान उपसावं लागतं.