वीस हजारांचा अर्ज, अन् चार कागदांवर चार नावं

घरातलं कमावतं माणूस साठीच्या आत गेलं आणि कुटुंबाचं नाव बीपीएलच्या (दारिद्र्यरेषेखालच्या) यादीत असलं, तर राष्ट्रीय परिवार सहायता योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून चालू आहे. सुरुवातीला नैसर्गिक मृत्यूला ५,००० आणि अपघाती मृत्यूला १०,००० मिळायचे. २०१२ मध्ये रक्कम सरसकट २०,००० झाली आणि तिथेच अडकून बसली. इंदूरसारख्या शहरात एवढ्यात दिवस-तेरावं आणि थोडंफार थकलेलं भाडं निघतं, फार काही नाही. पण हे हक्काचे पैसे आहेत, आणि परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिलकडच्या कितीतरी घरांत ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून अर्जच केला जात नाही.

आधी कोणाला मिळतं ते नीट समजून घ्या, कारण खिडकीवर अर्धवट माहिती मिळते. मृत व्यक्तीचं वय १८ पूर्ण आणि ६० च्या आत हवं. मृत्यू कशानेही झालेला चालतो; अपघातच हवा असं काही नाही. कमावता म्हणजे पुरुषच, असंही नाही. घर सांभाळणारी बाई हीसुद्धा ‘कमावती’ धरावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे बायको गेली तर नवरा अर्ज करू शकतो. ‘त्या तर घरीच होत्या ना’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठू नका, सूचनांमधलं ते वाक्य दाखवायला सांगा. अविवाहित मुलगा गेला असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील पात्र ठरतात. आणि एकाच घरात दुर्दैवाने दोनदा असा प्रसंग आला, तर दोन्ही वेळा अर्ज करता येतो.

आता बीपीएल. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. रेशनच्या दुकानातून धान्य मिळतं म्हणजे आपण बीपीएल, असा समज पक्का बसलेला आहे. तो चुकीचा. मध्य प्रदेशात धान्याची पात्रता पर्ची वीसहून अधिक वर्गांतल्या लोकांना मिळते. त्यात फेरीवाले आहेत, संबल या राज्याच्या योजनेत नोंदलेले असंघटित मजूर आहेत, आणखीही आहेत. बीपीएल हा त्यांतला फक्त एक वर्ग. तेव्हा पर्चीवर वर्ग कोणता छापलाय ते वाचा, आणि समग्रच्या (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी पोर्टलच्या) पानावर बीपीएल क्रमांक दिसतो का ते बघा. जुनं निळं कार्ड ट्रंकेत असेल तर तो क्रमांक अजून यादीत जिवंत आहे का, हेही तपासून घ्या. नाव नसेल आणि परिस्थिती खरोखर तशी असेल, तर बीपीएलसाठी लोकसेवा केंद्रातून वेगळा अर्ज होतो, तहसील कार्यालयाकडून चौकशी होते. हे काम घरात सगळे धडधाकट असतानाच करून ठेवायचं असतं.

खरी गंमत पुढे आहे, ती नावांची. आपल्या मराठी घरांचे अर्ज इतरांपेक्षा जास्त अडकतात त्याचं कारण हेच.

एक उदाहरण घ्या. बाईंचं माहेरचं नाव मंगला. लग्नात तांदळात नाव लिहिलं वैशाली. शाळेच्या दाखल्यावर मंगला, आधारवर ‘वैशाली रमेश वाघमारे’, समग्रमध्ये ऑपरेटरने इथल्या रिवाजाप्रमाणे लिहिलं ‘वैशाली बाई’, आणि बँकेत इंग्रजी आद्याक्षरांसकट ‘व्ही. आर. वाघमारे’. बाई एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी चौघीजणी. वर वाघमारे हे इंग्रजीत डब्ल्यूने लिहिलंय, व्हीने लिहिलंय, की ऐकणाऱ्याने ‘बाघमारे’ समजून बीने लिहिलंय, हा आणखी एक घोळ. ‘ळ’चं मात्र फार मनावर घेऊ नका. ज्या गावात टिळकनगरचं तिलकनगर होतं तिथे काळ्यांचे काले होणारच. दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग सारखंच राहतं आणि जुळवणीत बहुधा तेच बघितलं जातं.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी आधार, मग समग्र, शेवटी बँक. समग्रची ई-केवायसी आधारवरून होते. नाव, जन्मतारीख, लिंग यांत फरक दिसला तर विनंती महापालिकेच्या झोन ऑफिसकडे मंजुरीला जाते आणि तिथे पडून राहते. समग्र आधी सुधारलं आणि मग आधार बदललं, तर तेच काम पुन्हा करावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून किरकोळ कारणासाठी ती संधी खर्चू नये. पहिलं नावच बदलायचं असेल तर राजपत्राचा कागद मागतात, त्यामुळे आधारवर जे नाव बसलंय तेच पक्कं धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवणं सोपं आणि स्वस्त. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे, असं शपथपत्र नोटरीकडून करून जवळ ठेवा.

समग्रचे दोन क्रमांक असतात, हेही लक्षात असू द्या. कुटुंबाचा ८ आकडी, प्रत्येक माणसाचा ९ आकडी. अर्जात कुठला मागितलाय ते वाचून लिहा. आणि गेलेल्या माणसाचं नाव समग्रमधून काढायच्या आधी पूर्ण कुटुंबाच्या पानाचा प्रिंट काढून ठेवा. एकदा नाव गेलं आणि कुटुंबप्रमुख बदलला की ‘हे तुमच्याच घरातले होते’ हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

मृत्यूच्या दाखल्याची चूक बहुतेक वेळा दवाखान्यातच होते. एमवायच्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या) कॅज्युअल्टीत रात्री दोनला भाच्याने किंवा शेजाऱ्याने सांगितलेलं नाव कागदावर जातं, ‘पांडू मामा’चं पांडू होतं, वय अंदाजाने ५५ लिहिलं जातं, आणि तेच पुढे दाखल्यावर येतं. म्हणून मृतदेह ताब्यात घेताना कोणीतरी शांत डोक्याच्या माणसाने आधार पुढे करून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय वाचून घ्यावं. घरी मृत्यू झाला असेल तर माहिती देण्याची जबाबदारी घरच्यांची. पंचकुइया किंवा रामबाग मुक्तिधामची (स्मशानाची) पावती सांभाळून ठेवा. नोंद २१ दिवसांत झाली तर शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, त्यानंतर परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. माणूस इंदूरचा, पण लग्नाला जळगावला गेला आणि तिथेच वारला, तर दाखला जळगावहून आणावा लागतो. इंदूरच्या झोनमध्ये कितीही हात जोडले तरी तो निघत नाही.

वयाचा पुरावा म्हणून आधार चालतो, पण आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की थांबा. ज्यांना नक्की तारीख ठाऊक नव्हती त्यांच्यापुढे ती सरसकट टाकलेली आहे. आधारप्रमाणे ६० भरलेले पण शाळेच्या दाखल्याप्रमाणे ५८, असं असेल तर दाखलाच जोडा. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. हे बाबूंना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

एवढं जमलं की अर्ज म्हणजे किरकोळ काम. मृत्यूचा दाखला, दोघांचे आधार, समग्र, बीपीएल क्रमांक, वयाचा पुरावा, अर्जदाराचं पासबुक आणि फोटो. अर्ज लोकसेवा केंद्रातून करा, कारण तिथे पावती मिळते आणि पावतीवर निकालाची तारीख छापलेली असते. कियोस्कवाल्याने ‘हो जाएगा’ म्हणून नुसते कागद ठेवून घेतले तर अर्ज झालाच नाही असं समजा. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे: अर्ज फेटाळला किंवा तारीख टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर समाधान झालं नाही तर ६० दिवसांत दुसरं. उशिराबद्दल अधिकाऱ्याला रोज २५० रुपयांपासून जास्तीत जास्त ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. अपीलाचं नुसतं नाव काढलं तरी फाईल पुष्कळदा हलते. पावती नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

याच वेळी संबल बघायला विसरू नका. गेलेली व्यक्ती असंघटित मजूर म्हणून संबलमध्ये आधीपासून नोंदलेली असेल, तर सामान्य मृत्यूला २ लाख, अपघातीला ४ लाख आणि अंत्यसंस्कारासाठी ५,००० आहेत. वीस हजारांपुढे ही रक्कम फार मोठी, पण नोंदणी जिवंतपणीच झालेली हवी. धुणीभांडी, हम्माली, हातगाडी, शिवणकाम करणाऱ्या सगळ्यांनी ती करावी. विधवेसाठी महिन्याला ६०० रुपयांचं कल्याणी पेन्शन वेगळं आहे. इथल्या कागदांत ‘विधवा’ऐवजी बहुधा ‘कल्याणी’ लिहितात, तो शब्द शोधा.

पैसे अडकण्याची शेवटची जागा बँक. ‘आधार लिंक आहे’ असं बँक सांगते ते बऱ्याचदा केवायसीपुरतं असतं. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला सीड झालंय (सरकारी रकमेसाठी जोडलंय) तिथेच जातात, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याचं असतं, शेवटी ज्या बँकेने केलं तिचं. मग पासबुक स्टेट बँकेचं जोडलेलं, अन् पैसे तीन वर्षांपूर्वी सिमसोबत उघडून दिलेल्या पेमेंट बँकेत. मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की खरं काय ते कळतं. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो येतो गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर, कारण सगळ्या घराच्या आधारला त्याचाच नंबर! म्हणून ते सिम लगेच बंद पडू देऊ नका. अर्जदाराचा स्वतःचा नंबर आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन घालून घ्या. कागद लागत नाहीत, ७५ रुपये लागतात.

केवायसी न झालेलं जनधनचं छोटं खातं असेल तर आणखी एक अडचण: त्यात एरवी शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही (सरकारी मदतीच्या जमेला ही मर्यादा लागू नाही), वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, महिन्याला १०,००० च निघतात. वीस हजार येतील, पण पूर्ण काढायला दुसरा महिना उजाडेल, आणि संबलचे दोन लाख तर वर्षाच्या मर्यादेत अडकू शकतात. शाखेत जाऊन आधीच पूर्ण केवायसी करून घ्या.

तारीख टळूनही हालचाल नसेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला पावतीचा क्रमांक द्या, नाहीतर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टरच्या जनसुनवाईत जा. १८१ ची तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे सरकू नये म्हणून झोनमधून फोन येतो: ‘दीदी, आपका काम हो गया है, संतुष्ट बोल दीजिए.’ पासबुकात एंट्री छापून येईपर्यंत संतुष्ट बोलू नका.