कूलरची साथ

आज भर दुपारी कूलरचा पंप रेकॉर्ड करत बसलो होतो. आई म्हणाली, "काय करून राहिला रे? पंप बिघडला असंन तर मिस्त्री बोलाव ना."

तर झालं असं. आम्ही तिघं मिळून एकाच फाइलवर पाळीपाळीने आपापल्या आवाजाचा थर चढवतोय. कोल्हापूरच्या मैत्रिणीने पेटीचा नुसता भाता ओढून पाठवला, सूर एकही नाही. पुण्याच्या मित्राने त्यावर सायकलची तार गजाने (सारंगी-व्हायोलिनचा असतो तसल्या) घासली. माझा थर तिसरा. नेटवरून एकाच वेळी वाजवणं जमत नाही. आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांहून जास्त लागले की लय घसरते. म्हणून हा पाळीपाळीचा खेळ. हेडफोन मात्र हवेतच, नाहीतर आधीचे थर माइकमध्ये पुन्हा शिरतात.

पंपाची घरघर भात्याखाली अशी बसली, जणू खर्जातला तानपुरा! पण खरी मजा खसवरून टाकीत गळणाऱ्या पाण्याची. त्याला ठेका नाही, तरी तारेच्या किंचाळीला दोनदा नेमकं उत्तर दिलं त्यानं. ते ठरवून वाजवता आलं नसतं.

पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने १९४८ मध्ये पॅरिसला रेल्वेच्या आवाजांतून संगीत रचलं होतं. आपल्याकडे नागपुरात अजनी स्टेशन आहेच, पुढच्या खेपेला बघू.

फाइल परत कोल्हापूरला गेलीय. आता तिथं कुणी यावर तबला चढवून ठेका धरला तर भांडण होणार, आधीच सांगून ठेवतो.