वैमानिकाची झोप झालीय का?

‘विमानात बसायला हरकत नाही ना हो?’ माझी नोकरी मुंबईला विमानदुरुस्तीत झाली आणि आता मुक्काम भुसावळला, त्यामुळे लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठेही हा प्रश्न येतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ड्रीमलायनर विमान उडाल्या उडाल्या पडलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली. तेव्हापासून तर लेकरं परदेशी असलेले आईबाप फारच विचारतात. बोइंग टाळू का? ११ए सीट मागू का, तिथला माणूस वाचला ना?

सीटचं आधी सांगून टाकतो. तो माणूस वाचला ते त्याचं नशीब, सीटचा गुण नव्हे. जळगावला येणारं एटीआर पंख्याचं आहे म्हणून जुनाट समजू नका. जवळच्या पल्ल्याला तेच परवडतं. आणि अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात एवढंच आहे की दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाभराच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, का बंद केलेस, तो म्हणाला, मी नाही केले. ते कोणी केलं, का झालं, हे त्यात लिहिलेलं नाही. तरी आपल्याकडे चहाच्या टपरीवर मेलेल्या वैमानिकाचा निकाल लावून मोकळे झाले. याचा मला फार त्रास होतो.

तुम्हाला काळजी करायचीच असेल तर विमान कुठल्या कंपनीचं यापेक्षा चालवणाऱ्याची झोप झालीय का, याची करा.

भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको. माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. रात्रीची मेल न्यायची असली की दुपारी आई रेडिओ बंद करायची, आम्हाला अंगणातून हाकलायची, दारावर आलेल्या भाजीवालीलाही हातानेच ‘हळू’ म्हणून खुणावायची. सगळी चाळ तेवढा वेळ दबक्या आवाजात बोलायची. ज्याच्या मागे हजार माणसं बसणार त्याची झोप ही घरादाराची जबाबदारी, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

विमानात ती जबाबदारी कोणाची? २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूला उतरताना धावपट्टी संपवून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवर घोरण्याचा आवाज होता. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते आणि उतरायच्या थोडं आधी जागे झाले. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं लगेच चालत नाही, हे चौकशीत स्पष्ट नोंदवलंय. विमान नेमून दिलेल्या उंचीपेक्षा बरंच वर होतं. सहवैमानिक ‘गो अराउंड’ म्हणत राहिला, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. विमान टेकलं तेव्हा जवळपास दोन तृतीयांश धावपट्टी मागे पडली होती. यंत्र ठणठणीत होतं.

पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं. हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, मी तो वेळ ओळखून आहे: मॅन्युअलमधली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि डोक्यात काही शिरत नाही. अशा वेळी सही करण्याआधी दुसऱ्याला बोलावून तपासून घ्यायचं, अशी आमच्या वस्तादांची शिस्त होती.

म्हणून डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नवे नियम मला मोलाचे वाटतात. त्यांनी वैमानिकाची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीची लँडिंगं सहावरून दोनवर आणली. यासाठी वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. नियम दोन टप्प्यांत आले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला पुरेसा अवधी असूनही डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. मग रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली गेली. प्रवाशांचे हाल मला दिसत होते. तरीही वेळापत्रक सावरायला झोपेच्या नियमाला हात लावला, हे मला पटलेलं नाही. माणसं पुरेशी नेमली नाहीत, तो दोष कंपनीचा. त्याची भरपाई वैमानिकाच्या झोपेतून का करायची?

तेव्हा हो, विमानात बसा. मीही बसतो. मात्र कधी फ्लाइटला उशीर झाला आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली की क्रूची ड्यूटी संपली, दुसरा क्रू येतोय, तर तिच्यावर ओरडू नका. त्या वैमानिकाने नाही म्हटलं ते तुमच्यासाठीच. तुमचा हक्क तेवढा सोडू नका: उशीर लांबला तर खाणंपिणं मागा, आणि सहा तासांपेक्षा जास्त असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे.