घाटवाटांचा नकाशा, पुढचा हप्ता: आग्नेयेचा तिढा सुटला, कड्याचा अजून नाही

गेल्या हप्त्यात अडकलेलं कोडं सुटलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची शीटवरून (एका मैलाला एक इंच; क्रमांक ४७ एफ/८ आणि ४७ एफ/१२) उतरवलेल्या सह्याद्रीतल्या सगळ्या घाटवाटा एकाच दिशेला, आग्नेयेला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या होत्या. बोराट्याच्या नाळेची (नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ) रेघ नाळेत उतरायचं सोडून वर माथ्यावर हिंडत होती. चूक अशी एकाच दिशेची असली की कागदावर किंवा स्कॅनवर संशय घेत बसू नये, थेट डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) तपासावा.

शीटवरचे अक्षांश-रेखांश जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० सालच्या लंबगोलावरचे (पृथ्वीचा मानलेला आकार), मध्य भारतातल्या कल्याणपूरच्या स्थानकाला बांधलेले. फोनमधला जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन जागेवर बसवायचं साधन) ग्रॅटिक्यूलचे (अक्षांश-रेखांशांच्या जाळीचे) आकडे भरून सीआरएस (निर्देशांक-पद्धत) म्हणून ईपीएसजी:४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, दिलं, तर ते निमूट मान्य करतं. आधी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, वर बसवायचं आणि मग ४३२६ मध्ये रूपांतरित (वॉर्प) करायचं. सरकवणीचे आकडे, पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या तीन अक्षांवरचे, २९५, ७३६ आणि २५७ मीटर. बोराट्याच्या नाळेजवळच्या लिंगाणा सुळक्याच्या परिसरात जमिनीवर त्याचा हिशोब उत्तरेला सुमारे १०५ आणि पश्चिमेला सुमारे ७५ मीटर, तिरकस अंतर सव्वाशेच्या वर. एक इंची शीटवर हे जेमतेम दोन मिलिमीटर, पण नाळेच्या तोंडाशी तेवढ्यात वाट कड्यात जाते.

एक खोच मात्र आहे. डेटम-रूपांतराच्या (ट्रान्सफॉर्मेशन) यादीत ‘बॉलपार्क’ (म्हणजे ढोबळ) लिहिलेला पर्याय निवडला गेला, तर सरकवणी होतच नाही आणि तक्रारही येत नाही. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ४१४६ ते ४३२६ ही जोडी एकदाच पक्की करून ठेवा. शिवाय या रूपांतराची स्वतःचीच अचूकता वीस-बावीस मीटरच्या घरातली आहे, त्यामुळे त्याच्या खालचे फरक जुळवत बसणं फुकट.

कागदाचं थोडक्यात. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिमी, म्हणजे १:६३,३६० ला साधारण साडेपाच मीटर. त्याहून बारीक स्कॅनने काही हाती लागत नाही. रोलर स्कॅनर जुना कागद ओढतो. घड्या पडलेली शीट फ्लॅटबेडवर तुकड्यांत घेतलेली बरी. शीटवर अक्षांश-रेखांशांच्या पाच-पाच मिनिटांच्या रेघांचे १६ छेद मिळतात, ते नियंत्रण बिंदू. आधी पॉलिनॉमियल १ (सगळी शीट एकसारखी बसवणारं) लावून कुठला कोपरा ताणलाय ते पाहा, मगच थिन प्लेट स्प्लाइन (शीट रबरासारखी जागोजागी ताणणारी). स्प्लाइनचा आरएमएस (बिंदूंवरची सरासरी चूक) शून्यच येतो, कारण ती प्रत्येक बिंदूतून जबरदस्तीने जाते. तो शून्य पाहून हुरळायचं नाही. शिखरांवरच्या त्रिकोणी ट्रिग खुणा (सर्वेक्षणाचे मोजणीबिंदू) नियंत्रण बिंदूंत न घेता बाजूला ठेवा आणि बसवणूक त्यांच्यावर तपासा. खरी चूक तिथे कळते.

इतकं झाल्यावर माथ्यावरची गावं, तलाव, ट्रिग खुणा नीट बसल्या. कड्यापाशी मात्र घोळ कायम आहे, आणि आता तो कुठल्याही एका दिशेचा नाही. त्याची तीन कारणं एकमेकांत गुंतली आहेत.

पहिलं नकाशाकाराचं. ३०० मीटरच्या कड्यावर ५० फुटी समोच्चरेषा (समान उंचीच्या रेषा) वीसेक होतात. त्या मावत नाहीत, म्हणून कड्याची खूण काढतात. खूण १ मिमी जाडीची धरली तरी जमिनीवर ६३ मीटर. तिच्या शेजारची वाट वाचता यावी म्हणून ती बाजूला सरकवतात. ही चूक नव्हे, नकाशा वाचनीय ठेवण्याची रीत. पण आपण त्या रेघेला मीटरात मोजायला गेलो की फसतो. त्यात ७३ अंश ३० मिनिटांची शीटची कड नेमकी याच भागातून जाते. दोन्ही शीटवरची वाट कडेला जुळत नाही, आणि कुठली बाजू खरी हे कागद सांगत नाही.

दुसरं उपग्रहचित्राचं. चित्र सरळ करताना वापरलेलं उंचीचं मॉडेल कड्यापाशी चुकतं. कॅमेरा २० अंश तिरका आणि उंचीत ५० मीटरची चूक असेल, तर बिंदू १८ मीटर सरकतो. एसआरटीएम या उंचीच्या मॉडेलच्या ३० मीटर जाळीत उभा कडा उतार होऊन बसतो. कोपर्निकसचं ३० मीटरचं मॉडेल बरंच बरं, पण जाळी तीच. यातून पाच मीटरच्या समोच्चरेषा काढणं ही हौस झाली, माहिती नव्हे.

तिसरं जीपीएसचं. अरुंद नाळेत आकाशाची पट्टीच दिसते, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ट्रॅक (चालताना नोंदलेली वाट) कड्याच्या आरपार जातो. एल१ आणि एल५ या दोन्ही उपग्रह-लहरी पकडणारा फोन इथे खरंच फरक पाडतो. उंचीसाठी काही अ‍ॅप लंबगोलावरचा आकडा दाखवतात. आपल्याकडे जिओइड (सरासरी समुद्रसपाटीची पातळी) लंबगोलाच्या साठहून अधिक मीटर खाली आहे, म्हणून तो आकडा तेवढाच कमी येतो. तो नकाशावर चढवू नका.

बेत असा होता की जुन्या रेघा हाच पाया धरायचा आणि ट्रॅकने दुरुस्त करायच्या. आता उलट करायचं. जुनी शीट फक्त ‘इथे वाट होती’ याची साक्ष. रेघ अनेक ट्रॅकच्या मध्यातून. हे लिहितानाच आणखी सुचलं: दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं एकावर एक ठेवायची. माथ्यावरचं देऊळ दोन्हींत जुळतं आणि नाळेचं तळ जुळत नाही, तर फरक उंचीच्या मॉडेलचा. तिथे सगळ्या चित्रावर एकच ऑफसेट (ठरावीक सरकवणी) लावून उपयोग नाही, कारण एका ठिकाणचा ऑफसेट शेजारच्या धारेवर चुकतो. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपच्या (ओएसएम) जेओएसएम या संपादकात ऑफसेट बुकमार्क माथ्याचा आणि कोकणतळाचा वेगवेगळा ठेवायचा.

ओएसएमवर चढवताना शीटवरून थेट रेघ ओढायची नाही. परवाना नक्की नसेल तर तो थर घरच्यापुरताच. बदलसंचात (चेंजसेट, एकत्र चढवलेले बदल) स्रोत लिहा: ट्रॅक किती, चित्र कुठलं.

सिंगापूर नाळेचे ट्रॅक असतील तर कच्ची जीपीएक्स फाइल द्या, वेळेच्या शिक्क्यांसकट, एक सेकंदाची नोंद असलेली. अ‍ॅपने गुळगुळीत केलेली नको. तिच्यात कुठे थांबलात आणि कुठे सिग्नल उडाला हे दोन्ही पुसलं जातं. मढे घाट आणि उपांड्या त्यानंतर.