शेवटचा फॉल्स

नव्या नोकरीचा तेरावा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

आज ऑफिसात चार वेळा सॉरी म्हटलं. मोजायचं काही ठरवलं नव्हतं, पण दुसऱ्यांदा म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मान वर करून बघितलं आणि तिथून मोजणी सुरू झाली. एक पासवर्ड ब्लॉक झाला म्हणून. एक प्रिंटरपाशी कुणाच्या तरी वाटेत उभी होते म्हणून. एक सहा वाजता निघाले म्हणून, आणि सुटायची वेळ सहाचीच आहे! उरलेलं एक जरा जास्त लागलंय, त्याबद्दल खाली लिहिते.

२०१६ ला नोकरी सोडली तेव्हा वर्षभरात परत येईन असं सगळ्यांना सांगितलं होतं. आधी धाकटी, मग सासूबाईंचं आजारपण. वर्षाची नऊ वर्षं कधी झाली कळलंच नाही, असं लिहिणार होते. पण खोटं आहे ते. चांगलं कळत होतं.

रेझ्युमे करताना एका मैत्रिणीनं सुचवलं, गॅपमध्ये 'फ्रीलान्स कन्सल्टिंग' टाकून दे, कोण बघायला येतंय. टाकलं. रात्री उठून काढलं. लिंक्डइनवर २०२२ पासून 'करिअर ब्रेक' लिहायची सोय आहे, कारणासकट, तर तिथे 'पूर्णवेळ पालकत्व' निवडलं. पुढचे दोन महिने एक फोन नाही.

त्याच सुमारास केट वाइसहार या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यांनी अमेरिकेत कंपन्यांना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवून बघितले. निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. नोकरीत असलेल्या आयांना साधारण १५ टक्के अर्जांवर उत्तर आलं, नोकरी गेलेल्यांना १० च्या आसपास आणि मुलांसाठी घरी थांबलेल्यांना जेमतेम ५. म्हणजे कामावरून काढलेली चालते, आपणहून थांबलेली नाही. खरं तर राग यायला हवा होता. मला हायसंच वाटलं. चला, निदान रेझ्युमेत स्पेलिंगची चूक नव्हती!

तर ते चौथं सॉरी.

दुपारी पुरवठादारांच्या थकबाकीची फाईल तपासायला आली. पहिल्याच दिवशी मला व्हीलुकअप, म्हणजे एक्सेलमध्ये यादीतून हवा तो आकडा शोधून आणणारा फॉर्म्युला, टाइप करताना बघून तो शेजारचा मुलगा हसला होता. "मॅडम, आता एक्सलुकअप वापरतात." ते आलं २०१९ ला, मी घरी असताना. त्या रात्री बसून शिकले, अर्धा तास लागला. आजची फाईल मात्र जुनी, सगळी व्हीलुकअपवर चालणारी. तीन पुरवठादारांचे आकडे डोळ्यांना खटकले. सेलवर क्लिक केलं, तर फॉर्म्युल्यात शेवटचा फॉल्स नाही. तो नसला की एक्सेल नेमकी जुळणी न शोधता जवळपासची उचलतं, आणि यादी क्रमानं लावलेली नसेल तर बिनधास्त चुकीचा आकडा देतं. एरर नाही, काही नाही. नव्या पुरवठादारांचे कोड कुणीतरी यादीच्या तळाशी जोडले होते, क्रम तिथेच बिघडला.

हे मला झोपेतही ओळखता आलं असतं. एकेकाळी याच चुकीपायी मी एक अख्खा रविवार ऑफिसात काढलाय.

आणि तरीही साहेबांपुढे उभी राहून तोंडातून निघालं काय, तर "सॉरी, माझंच काहीतरी चुकत असेल, पण..."

ते 'माझंच' कुठून आलं? २०१६ पर्यंत मी असं बोलत नव्हते. अख्खी टीम ऐकत असताना "हे चूक आहे" म्हणून मोकळी व्हायचे. थोडी आगाऊच होते म्हणा. एक्सलुकअप अर्ध्या तासात जमलं. हे कसं काढायचं?

साहेबांनी फाईल परत पाठवली. मी जागेवर येऊन बसले, तर शेजारच्यानं खुर्ची सरकवली.

"मॅडम, एवढी वर्षं कुठे होतात?"

एरवी मी यावर दोन मिनिटांचं भाषण करते. धाकटी, सासूबाई, मध्ये केलेला ऑनलाइन कोर्स, सगळं. आज नुसतं "घरी" म्हटलं.

"बरं. तो फॉल्स कुठे टाकायचा, दाखवता का?"

दाखवला. मग त्यानं माझा पासवर्ड अनब्लॉक करून दिला. नवा कुठेतरी लिहून ठेवायला हवा, नाहीतर उद्या परत तेच.