तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणगावावरचा सिनेमा

महिन्यातून एका रविवारी मी लोकांना गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, फिरवतो. सकाळी सात वाजता भारतमाता टॉकीजपाशी जमायचं, लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून शिंकत पुढे निघायचं, परळ करून डिलाईल रोडला यायचं आणि पुलाखालच्या चहावर संपवायचं. आर्किटेक्चरची मुलं असतात, लोअर परळच्याच काचेच्या इमारतींत नोकरी करणारे असतात, एखादे पुण्याहून पहिल्या गाडीने आलेले काका असतात. चहा हातात आला की कुणीतरी विचारतंच, “गिरणगाव समजून घ्यायचं तर कोणता सिनेमा बघावा?”

मी सांगतो, ‘ब्रेकिंग अवे’.

मग शांतता. नाव लिहून घ्यायला मोबाइल काढलेला असतो, तो तसाच हातात. अमेरिकन? सायकलचा? एखादा म्हणतो, “म्हणजे आपला ‘जो जीता वही सिकंदर’ ना?” नाही. त्यातही गावातली साधी पोरं आहेत, श्रीमंत कॉलेजवाले आहेत, शेवटी सायकलची शर्यत आहे. १९९२ साली आमच्या चाळीत तो व्हिडिओवर इतक्यांदा लागला की कॅसेट घासून पांढरे पट्टे यायला लागले. पण मी म्हणतो तो त्याच्या तेरा वर्षं आधीचा. चहा संपेपर्यंत एवढंच सांगून होतं. बाकीचं आज लिहितो.

अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे चुनखडीच्या दगडाच्या खाणी. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लावलेला दगड त्याच भागातला. गावातलं मोठं विद्यापीठही त्याच दगडाचं. सिनेमातली चार पोरं एकोणीस वर्षांची, शाळा संपलेली, कॉलेजला न गेलेली, कामधंदा नाही. दिवसभर सोडून दिलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात डुंबायचं. विद्यापीठातली गाडीवाली मुलं त्यांना ‘कटर्स’ म्हणतात, म्हणजे दगड कापणारे. तिथे ती शिवी आहे.

गंमत अशी की चौघांपैकी एकानेही आयुष्यात दगड कापलेला नाही. कापला तो त्यांच्या बापांनी.

हे मी पहिल्यांदा पाहिलं १९९४ साली, एका मित्राच्या घरी. इंग्रजी निम्मंच कळत होतं. पण ‘कटर्स’ कळायला इंग्रजी लागलं नाही, कारण मला १९८६चा मे महिना आठवला.

आमची टीम डिलाईल रोडची. एक बॅट, तिच्या दांड्याला सायकलची ट्यूब चढवलेली. दादरच्या एका कॉलनीतल्या मुलांशी मॅच ठरली, एक्कावन्न रुपये आणि टेनिसचा नवा बॉल. ती मुलं पांढरी पॅन्ट घालून आली होती, टेनिस बॉलच्या मॅचला! आमच्यातले दोघे अनवाणी. त्यांचा कॅप्टन आमच्यापैकी कुणाचं नाव विचारायच्या फंदात पडला नाही. ओव्हर बदलली की हाक मारायचा, “ए गिरणी, बॉल दे इकडे.” मी गिरणी, माझा विकेटकीपर गिरणी, बाउंड्रीवरचा गण्याही गिरणी. आम्ही रागावलो असतो तर बरं झालं असतं. पण गण्या तिथूनच ओरडला, “कुठली गिरणी रे? बंद आहे!” आणि दोन्ही टीम खो खो हसल्या. मीसुद्धा.

मॅच आम्ही जिंकलो. पैसे मिळाले, बॉलही मिळाला. वडापाव खाऊन चालत परत आलो. घरी आई शिवणाच्या मशीनवर होती, आणि आप्पा, माझे वडील, भिंतीला टेकून दुपारचा पेपर संध्याकाळी वाचत होते. चार वर्षं झाली होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमच्या मजल्यावरचे नऊ. तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, नुसता विरून गेला. आप्पांना परत बोलावलं नाही. पुढे ते एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले.

मला कुणी ‘गिरणी’ म्हणावं असं माझ्यात काय होतं? आप्पा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. मला साचा चालवता येत नव्हता, तुटलेला धागा कसा सांधतात ते माहीत नव्हतं. गिरणीच्या आत मी एकदाच गेलो होतो, नऊ वर्षांचा असताना, दसऱ्याला. त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. साच्यांना झेंडूच्या माळा, तेलाचा वास, पेढे. आप्पांनी त्यांचा साचा दाखवला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. ज्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं तो आवाज मी ऐकलाच नाही, कारण पूजेला यंत्रं थांबवलेली. मी गिरणी पाहिली तीसुद्धा बंदच.

सिनेमातल्या चौघांत एक माइक आहे, शाळेत अमेरिकन फुटबॉल गाजवलेला. विद्यापीठाच्या मैदानावर चाललेली प्रॅक्टिस तो बाहेरून बघतो. म्हणतो, ही मुलं कधी म्हातारी होणार नाहीत, दरवर्षी नवी येणार, आणि आपल्याला कटर्स म्हणत राहणार. तोच पुढे म्हणतो, त्यांच्यासाठी ती शिवी. माझ्यासाठी ती आणखी एक गोष्ट, जी व्हायची संधी मला कधी मिळालीच नाही.

मित्राच्या घरी मी कॅसेट मागे घेऊन ते वाक्य तीनदा ऐकलं. मित्र वैतागला, त्याला शर्यत बघायची होती.

बाकी सिनेमा बराच हसवणारा आहे. नायक डेव्ह इटालियन सायकलपटूंचा इतका भक्त की घरात इटालियन गाणी म्हणतो, पायांचे केस काढतो, मांजराचं नाव बदलून फेलिनी ठेवतो, आणि विद्यापीठातल्या एका मुलीला आपण इटालियन असल्याची थाप मारतो. मला यात थट्टा कमी दिसते. आमच्यातले कितीतरी जण कॉलेजला गेल्यावर पत्ता विचारला की “दादरजवळ” म्हणायचे. मी स्वतः “वरळी साइड” म्हणायचो. डिलाईल रोड वरळीच्या साइडलाच आहे, तेव्हा खोटं म्हणता येणार नाही.

पण गिरणगावावरचा सिनेमा मी म्हणतो तो बापामुळे. डेव्हचा बाप पूर्वी दगड कापायचा, आता जुन्या गाड्या विकतो. मुलावर सतत कावलेला. एका रात्री बापलेक विद्यापीठाच्या आवारात फिरत असतात. बाप सांगतो, या इमारतीचा दगड मी कापलाय, मला माझ्या कामाचा अभिमान होता. पण इमारती उभ्या राहिल्या आणि काहीतरी विचित्र झालं. त्या आपल्यापेक्षा फार चांगल्या आहेत असं वाटायला लागलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं.

आप्पांची गिरणी पाडून तिथे मॉल झाला. २००९ साली मी त्यांना घेऊन गेलो. दारावर गार्डने त्यांची पिशवी तपासली, आत फक्त छत्री. मला वाटलं होतं ते हळवे होतील, आणि खरं सांगायचं तर मीच तयारी करून गेलो होतो. आप्पा सरकत्या जिन्याला घाबरले, बाकी कशाकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मग म्हणाले, “मुतारी कुठंय?” मी पाट्या शोधायला लागलो. तोवर ते डावीकडे वळून, बुटांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला, सरळ चालत गेले. मुतारी तिथेच होती! बाहेर येऊन हात झटकत म्हणाले, “गटाराची लाइन तीच ठेवलीय. हितंच हुती आमची.” एवढंच. त्या सबंध जागेत त्यांच्या ओळखीचं तेवढंच उरलं होतं, आणि ते त्यांनी न विचारता शोधलं. फेरीत मी हा किस्सा सांगत नाही, लोक हसतात.

सिनेमा लिहिला स्टीव्ह टेसिच याने. युगोस्लाव्हियात जन्मलेला, चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलेला, त्याच विद्यापीठात शिकलेला, आणि ‘लिटल फाइव्ह हंड्रेड’ ही तिथली शर्यतही केलेला. चौघांची टीम, आलटून पालटून एकच सायकल, दोनशे फेऱ्या, पन्नास मैल. या पटकथेला ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक पीटर येट्स इंग्रज. दोघेही बाहेरून आलेले, म्हणूनही असेल, गावातलं कोण कुणाच्या शेजारी बसत नाही ते त्यांना नेमकं दिसलं.

तक्रार एकच. कटर्स शेवटी शर्यत जिंकतात. अंगावर ‘कटर्स’ लिहिलेले टी-शर्ट, डेव्ह पडून जखमी, मग पाय पेडलला चिकटपट्टीने बांधून घेतो आणि शेवटच्या क्षणी पुढे जातो. थेटरात टाळ्या पडाव्यात असंच ते आहे, आणि माझ्याही पडतात. पण मॅच तर आम्हीही जिंकलो होतो. एक्कावन्न रुपये.

आप्पा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना हा सिनेमा लॅपटॉपवर दाखवला. शेजारी बसून मराठीत सांगत होतो, जरा मोठ्यानेच. निम्मा वेळ ते पाय चोळत होते. बापलेकाचा रात्रीचा प्रसंग आला तेव्हा पुढे वाकले.

“ह्यो दगड कापायचा?”

“हो.”

“पगारी का नगावर?”

मला माहीत नव्हतं. सिनेमात ते सांगितलेलंच नाही. आप्पा स्वतः नगावर होते, जेवढं कापड उतरेल तेवढे पैसे. माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मग बघतोयस तरी काय एवढं.

शर्यत सुरू व्हायच्या आत ते झोपले. संपल्यावर मी लॅपटॉप मिटला, त्या आवाजाने जागे झाले.

“कोण जिंकलं?”

“दगडवाल्यांची पोरं.”

“आसं?” म्हणाले, आणि उशी नीट करत विचारलं, “मग खाण चालू झाली का परत?”